मेण्यातून पाहिलेली वाट

फार जुन्या काळची ही गोष्ट आहे. ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि गोष्टीला त्याची गरजही नाही. लहानांनी ती नीट ऐकावी. मोठ्यांनी त्याहूनही नीट ऐकावी, कारण गोष्ट मोठ्या माणसाची आहे.

त्या राज्याच्या एका बाजूला दाट जंगल होतं, दुसऱ्या बाजूला उघडाबोडका माळ, आणि दोन्हींमधून चहूकडे वाटा गेलेल्या होत्या. या सगळ्या वाटांवर देखरेख ठेवायला राजाने सिदोजी नावाचा एक अधिकारी नेमला होता. वाटेवरची झाडं जगली आहेत का, विहिरींना पाणी आहे का, धर्मशाळांची छपरं शाबूत आहेत का, हे दर वर्षी हिंडून पाहायचं आणि फाल्गुनात भरल्या दरबारात उभं राहून राजाला सांगायचं, हे त्याचं काम. लोक त्याला मार्गपाल म्हणत.

सिदोजी काही वाईट माणूस नव्हता. तो लाच घेत नसे, कुणाला टाकून बोलत नसे. फक्त त्याला ऊन सोसत नसे, धूळ खपत नसे, आणि चालायची त्याला सवयच नव्हती. तो मेण्यातून फिरायचा. मेणा म्हणजे चारी बाजूंनी पडदे लावलेली पालखी. आत मऊ गादी, पाठीशी लोड, हाताशी वाळ्याच्या पाण्याची सुरई. भोई मेणा खांद्यावर घेऊन चालू लागले की आत झोके बसत, आणि झोके बसले की सिदोजीचे डोळे मिटत. पडद्याच्या फटीतून एखादं झाड दिसलं की तो मनाशी म्हणे, झाडं आहेत. एखादी भिंत दिसली की म्हणे, धर्मशाळा आहे. असं करता करता वर्षं गेली. फाल्गुनात तो दरबारात ठणठणीत आवाजात सांगे, "महाराज, सगळ्या वाटा ठीक आहेत." राजा समाधानाने मान डोलावी.

एका वर्षी माघ महिन्यात मेणा माळावरून चालला होता. माळाच्या मध्यावर एक जुनी बारव होती. पायऱ्या उतरून आत जायचं, असली मोठी विहीर. माळावर प्यायचं पाणी काय ते तिथेच. भोयांनी मेणा खाली ठेवला आणि ते पाणी प्यायला गेले. थोड्याच वेळात त्यांचा आवाज सिदोजीच्या कानांवर आला.

"अरे, पाणी कुठाय हिच्यात? तळाला नुसता गाळ आहे."

"आतली भिंत ढासळलीय बघ. झरे बुजलेत सगळे."

मग पावलं मेण्याजवळ आली. भोयांचा म्होरक्या येसू पडद्याबाहेरून म्हणाला, "धनी, बारव कोरडी पडलीय. जरा उतरून बघता का?"

सिदोजी जागा होता. हे नीट ध्यानात घ्या. तो जागा होता आणि त्याने शब्द न् शब्द ऐकला होता. पण उतरायचं म्हणजे जोडे शोधायचे, उन्हात जायचं, त्या पडक्या पायऱ्या उतरायच्या. त्याने डोळे मिटून घेतले आणि झोपल्यासारखा श्वास चालू ठेवला. येसूने थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याने पुन्हा हाक मारली नाही. कोरड्या तोंडांनी भोयांनी मेणा उचलला आणि ते पुढे चालू लागले.

फाल्गुनात दरबार भरला. राजाने विचारलं, "माळावरच्या बारवेचं काय?"

"भरलेली आहे, महाराज," सिदोजी म्हणाला. वर्षानुवर्षं म्हटलेलं वाक्य त्याच्या जिभेवरून आपोआप घसरलं. ते तोंडाबाहेर पडल्यावर त्याला आतून कुठेतरी किंचित टोचलं. पण राजा तोवर पुढच्या वाटेबद्दल विचारू लागला होता.

त्या वैशाखात राजधानीतल्या विणकरांच्या आळीला आग लागली. घरं गेली, माग गेले, सूत गेलं. राजा दयाळू होता. माळापलीकडे नदीकाठी त्याने विणकरांना नवी जमीन दिली आणि लगेच निघायला सांगितलं, म्हणजे पावसाळ्याआधी घरं उभी राहतील. तिकडे जायला दोन वाटा होत्या. जंगलातली लांबची होती, पण तिच्या कडेने ओढा वाहत होता. माळावरची जवळची होती.

राजाने भर दरबारात विचारलं, "सिदोजी, यांच्याबरोबर म्हातारी माणसं आहेत, लेकरं आहेत. कुठल्या वाटेने पाठवू?"

सिदोजीच्या कानांत येसूचा आवाज पुन्हा उमटला. बारव कोरडी पडलीय. क्षणभर त्याची जीभ अडखळली. खरं सांगायचं तर फाल्गुनात याच जागी उभं राहून जे म्हटलं ते खोटं होतं, असं म्हणावं लागणार होतं. सगळा दरबार त्याच्याकडे पाहत होता. त्याला वाटलं, भोयांना काय कळतं? असेल थोडंफार पाणी. आणि तो म्हणाला, "माळाची वाट बरी, महाराज. लवकर पोचतील. बारवेला पाणी आहे."

विणकर माळावरून निघाले. पुढे काय झालं ते सांगताना आवाज खाली येतो. बारवेशी ते पोचले तेव्हा त्यांच्या घागरी रिकाम्या झाल्या होत्या. मागे जावं तर माळ, पुढे जावं तर माळ. बरेचजण कसेबसे नदीपर्यंत पोचले. काही म्हातारी माणसं वाटेतच बसली ती उठली नाहीत. एक तान्हं मूल आईच्या पदराखालीच दगावलं.

ही बातमी आली तेव्हा राजाने सिदोजीला बोलावलं. राजाचा चेहरा उतरला होता. "सिदोजी," तो म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात, पाणी आहे."

हीच वेळ होती. दार उघडं होतं. पण सिदोजीची नजर जमिनीवरून वर उठेना. तो म्हणाला, "मी गेलो तेव्हा बारव भरलेली होती, महाराज. नंतर आटली असावी."

 राजा आसनावरून उठून खाली आला आणि त्याने सिदोजीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा काय दोष? तुम्ही किती कष्टी झाला आहात ते दिसतंय मला. मनाला लावून घेऊ नका." आणि राजाने आपल्या अंगावरचा शेला काढून त्याच्या अंगावर घातला.

राजा रागावला असता, त्याने चाबकाचे फटके दिले असते, तरी सिदोजीने सोसलं असतं. तो शेला त्याला सोसवेना. दरबारातून घरी येईपर्यंत त्याची पाठ भाजत होती.

घरी त्याच्या बायकोने, आवडाबाईने, पान वाढलं. त्याने घास उचलला आणि खाली ठेवला. पाण्याचं भांडं तोंडाला लावलं आणि तेही खाली ठेवलं. आवडाबाई म्हणाली, "अहो, काय झालं?" तो पानावरून उठून ओसरीवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मेणा उभा राहिला. सिदोजी बाहेर आला. येसू मान खाली घालून उभा होता. सिदोजी त्याच्याजवळ गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "येसू, माघात त्या दिवशी तू मला हाक मारली होतीस."

"मारली होती, धनी."

"मग आता कुणाला काही बोलला नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही झोपला होतात, तुम्हाला काही ठाऊकच नव्हतं," येसू म्हणाला. मग त्याने डोळे वर केले. सिदोजीचा चेहरा त्याने पाहिला आणि त्याला सगळं कळलं. त्याने पुन्हा मान खाली घातली. लाज सिदोजीला वाटायला हवी होती, पण त्या भोयाच्याच गालांवर ती उमटलेली दिसली.

त्या दिवशी सिदोजी मेण्यात बसला नाही. पुन्हा कधीच बसला नाही. त्याने जोडे काढून ठेवले, एक घोंगडी खांद्यावर टाकली, हातात काठी घेतली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, "राज्यातल्या सगळ्या वाटा मी पायी चालणार आहे. प्रजेसाठी व्रत घेतलंय." ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमले. कुणी हार घातला, कुणी पायांवर पाणी ओतलं. दारात उभी राहून आवडाबाई हे सगळं पाहत होती. तो निरोप घ्यायला वळला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "व्रत घेतलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो हो." सिदोजीने तिच्या डोळ्यांना डोळा दिला नाही. तो चालू लागला.

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. तळपायांना फोड आले, ते फुटले, त्यांत माती गेली. ऊन डोक्यावर बसलं. भूक लागली की भाकरी कुणाकडे मागावी हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण या सगळ्यापेक्षा वाईट होतं ते वाटेवर दिसणारं. 'झाडं आहेत' असं तो जिथे म्हणाला होता तिथे एकच वड उरला होता, बाकी सगळे बुंधे. 'धर्मशाळा आहे' म्हणाला होता तिथे भिंत होती खरी, पण नुसती भिंत. छप्पर नव्हतं, आत बाभळी माजल्या होत्या, आणि पडक्या चुलीशी एक आजारी बैरागी कण्हत पडला होता. सिदोजी त्याच्याजवळ बसून राहिला. त्याला पाणी पाजलं, बाभळी तोडून आडोसा केला. बैरागी बरा झाला तेव्हा म्हणाला, "देवमाणूस आहेस बाबा तू." सिदोजी उठून दूर गेला आणि एका दगडाआड तोंड झाकून बसला.

असा तो हिंडत राहिला. पडलेला बांध दिसला की दगड रचायचा, बुजलेला झरा दिसला की हातांनी मोकळा करायचा. गावोगावचे लोक त्याला भाकरी देत, कांदा देत, पायांवर डोकं ठेवत. "हा बघा, राजाचा मोठा अधिकारी. लोकांसाठी घरदार सोडून अनवाणी हिंडतोय." सिदोजीला वाटे, आत्ता सांगावं. पण भाकरी देणाऱ्या बाईचा चेहरा इतका भाबडा असे, की त्याची हिंमत होत नसे. भाकरी तो खाई, आणि ती चोरीची असल्यासारखी घशाखाली उतरे.

दिवस गेले तसे पाय घट्ट झाले. उघड्यावरची झोप अंगवळणी पडली. कापणी झालेल्या शेतात पेंढ्यावर आडवं व्हायचं, चंडोल गाऊ लागला की उठायचं, दवात भिजलेल्या गवतातून चालायचं. तोंड धुवायला ओढा, जेवायला झाडाची सावली. वारा कुठल्या बाजूने येतोय, पुढे चढ आहे की उतार, हे त्याच्या पायांना आधी कळू लागलं. जन्मभर पडद्याआड राहिलेल्या माणसाला आकाश किती मोठं असतं ते आता दिसत होतं. एका सकाळी चढण चढताना त्याच्या लक्षात आलं, की आपण गुणगुणतोय. तो जागच्या जागी थांबला. आपल्यामुळे माणसं माळावर राहिली आणि आपण गाणं म्हणतोय! त्याने ओठ दाताखाली दाबले. त्या दिवशी तो जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा तसेच आनंदाने पडू लागले, आणि त्याला त्या आनंदाची लाज वाटत राहिली.

राज्यातली एकेक वाट त्याने पालथी घातली. फक्त एक सोडून. माळाच्या वाटेचा फाटा आला की त्याला नेमकं दुसरीकडे काम निघे. तिकडे पाहायचंसुद्धा तो टाळी.

फाल्गुनात तो दरबारात गेला नाही, आणि वर्ष फिरून चैत्र आला. एके दिवशी त्याच फाट्यावर एका झाडाखाली तो बसला होता. तिथे एक वऱ्हाड आलं. बैलगाड्या होत्या, नटलेली नवरी होती, आज्या होत्या, रडणारी पोरं होती. वऱ्हाडाचा कारभारी एक धिप्पाड माणूस होता. तो सिदोजीला पाहून आनंदाने पुढे आला.

"तुम्हीच ना ते चालणारे बाबा? बरे भेटलात! आम्हाला पलीकडे जायचंय आणि मुहूर्त जवळ आलाय. जंगलाच्या वाटेने गेलो तर चुकेल. माळावरच्या बारवेला पाणी असेल का हो? मागच्या साली तिथं अनर्थ झाला म्हणतात. पण यंदा पाऊस चांगला झालाय."

यंदा पाऊस खरंच चांगला झाला होता. बारवेला पाणी असायला हरकत नव्हती. सिदोजीने तोंड उघडलं, आणि 'असेल' हा शब्द जिभेच्या टोकापर्यंत आला. तोच शब्द, तशीच जीभ, समोर तशीच लेकरं. त्याच्या अंगावर काटा आला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"आँ?"

"मी त्या वाटेने चाललेलो नाही. पाणी आहे की नाही, मला ठाऊक नाही. तुम्ही जंगलातून जा. तिथला ओढा वाहतोय, मी स्वतः त्याचं पाणी प्यालोय."

कारभारी वैतागला. "एवढं राज्यभर हिंडता आणि हीच एक वाट तुम्हाला ठाऊक नाही? मग हिंडता कशाला?"

सिदोजीने मान खाली घातली. "खरं आहे तुमचं," तो म्हणाला. कारभारी पुटपुटत वळला, पण त्याने बैल जंगलाच्या वाटेला लावले. शेवटची गाडी दिसेनाशी झाली तसा सिदोजी उठला, आणि माळाच्या वाटेला लागला.

माळावर सावली नव्हती. माती पांढरी पडली होती आणि लांबवर हवा पाण्यासारखी हलत होती. त्याच्याजवळ पाण्याचा एक तुंबा होता, तो लवकरच संपला. त्याने मागे पाहिलं नाही. जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले. याच वाटेने ती आई मुलाला घेऊन गेली असेल, हे त्याच्या मनात आलं आणि पुन्हा पुन्हा येत राहिलं. उन्हाने तो कोसळला असता, पण तेवढ्यात समोर बारवेची पडकी कमान दिसली. तिच्या आडोशाला गवताचं एक लहानसं छप्पर होतं. छपराखाली ओल्या फडक्यांत गुंडाळलेले रांजण होते, आणि रांजणांजवळ एक म्हातारी बसली होती.

तिने त्याला पाहिलं आणि काही न विचारता भांडं भरून पुढे केलं.

सिदोजीने हात पुढे केला नाही. फुटक्या आवाजात तो म्हणाला, "माय, आधी माझं ऐक. मग पाणी द्यायचं की नाही ते ठरव."

"आधी पी," म्हातारी म्हणाली. "तहानलेल्या माणसाचं मी काही ऐकत नसते."

तो प्याला. पाणी गार होतं. प्यायल्यावर त्याला रडू आलं.

म्हातारीचं नाव चिमाई. ती विणकरांच्या वस्तीवरची होती. बारव अजून बुजलेलीच होती, ढासळलेला दगड कुणी काढला नव्हता. म्हणून वस्तीवरच्या बाया पाळीपाळीने नदीचं पाणी डोक्यावरून आणत आणि वाटसरूंसाठी रांजण भरून ठेवत. "माझा नवरा इथंच राहिला," तिने पायरीकडे बोट दाखवलं. "आपल्या वाट्याचं पाणी नातवंडांना दिलं त्यानं. मला म्हणाला, मला तहान नाही. लबाड होता."

सिदोजी तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. मेणा सांगितला, गादी सांगितली, येसूची हाक सांगितली. फाल्गुनातलं खोटं सांगितलं, वैशाखातलं सांगितलं, आणि राजापुढचं शेवटचं खोटंही सांगितलं. काही लपवलं नाही.

 रांजणावरचं फडकं सुकलं होतं, ते चिमाईने पुन्हा भिजवलं. मग ती म्हणाली, "तुला झोप लागली होती असं म्हणाला असतास, तर मला बरं वाटलं असतं. तू तर म्हणतोस, ऐकू आलं होतं."

"ऐकू आलं होतं, माय."

"मग माझ्याकडं माफी मागू नकोस. माझ्याकडं ती नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि एकट्या मला सांगून काय होणार? वस्तीवर चल. ज्यांचं माणूस गेलं त्या सगळ्यांपुढं हेच बोल. आणि मग राजापुढं बोल."

ती उठून चालू लागली आणि तो तिच्यामागे चालला. आजवर तो किती चालला होता, पण त्या चालण्याइतकं जड चालणं त्याने कधी केलं नव्हतं.

वस्तीवर माणसं जमली. चालणारे बाबा आले म्हणून काहीजण पाया पडायला पुढे झाले. "थांबा," सिदोजी म्हणाला, "आधी मी कोण ते कळू द्या." आणि त्याने पुन्हा सगळं सांगितलं. सांगून झालं तेव्हा मागांची खटखट बंद झालेली होती. कुणी त्याला मारलं नाही. केरबा नावाच्या एका विणकराचं तान्हं मूल त्या माळावर गेलं होतं. तो सिदोजीच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, त्याच्याकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून आपल्या घरात गेला. मग एकेकाने पाठ फिरवली. सिदोजी अंगणात एकटा उभा राहिला.

तिथून तो राजधानीला गेला. धुळीने माखलेला, दाढी वाढलेला हा माणूस दरबारात शिरला तेव्हा सगळे त्या व्रतस्थाच्या आदराने उभे राहिले. "बसा," सिदोजी म्हणाला, "माझ्यासाठी उभं राहू नका." आणि तिसऱ्यांदा त्याने आपली लाज उघड केली.

राजाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. "मी तुमच्या अंगावर शेला घातला," तो म्हणाला.

"हो, महाराज."

"आणि तुम्ही तो घालू दिलात."

"हो, महाराज."

 मग राजा म्हणाला, "मीही कधी माळावर गेलो नाही. तुमच्यावर विसंबून इथे बसून राहिलो. त्या लोकांना तोंड दाखवायला मलाही जागा नाही." आणि त्याने शिक्षा सुनावली. सिदोजीचं पद गेलं, राहता वाडा सरकारजमा झाला. आणि माळावरची बारव सिदोजीने आपल्या हातांनी मोकळी करावी, असा हुकूम निघाला.

सिदोजी माळावर परतला. उन्हातान्हात त्याने दगड उचलले, गाळ उपसला. हातांची सालटी निघाली. काही दिवसांनी विणकरही पहारी घेऊन आले. त्याच्या शेजारी उभं राहून ते खणत, पण त्याच्याशी एक शब्द बोलत नसत. तो बोलण्याची अपेक्षाही करत नसे. एका दुपारी दगडाखालून ओल आली, मग बारीक धार लागली. लोक ओरडत खाली धावले. लेकरांनी तोंडं बुडवली, बायांनी घागरी भरल्या. सिदोजी बाजूला उभा राहिला. सगळे वर निघून गेल्यावर तो खाली उतरला आणि त्याने ओंजळभर पाणी घेतलं.

शिक्षा संपली होती. आता त्याने चालावं असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आवडाबाईच्या माहेरी शेत होतं, घर होतं. तिचा भाऊ त्याला न्यायला आला. "चला दाजी," तो म्हणाला, "झालं गेलं ते झालं. ओसरीवर निवांत बसा."

सिदोजी म्हणाला, "बसून बसूनच माझं हे झालं. मला चालू द्या. पूर्वी मी तोंड लपवायला चालत होतो. आता या वाटा मला खरंच आवडतात. ते म्हणायचीही मला लाज वाटायची."

तेव्हा भावाच्या मागे उभी असलेली आवडाबाई पुढे आली. तिने पदर खोचला होता आणि पाठीवर एक गाठोडं बांधलं होतं. "मीही सासरी मेण्यातूनच आले," ती म्हणाली. "त्या वाटेवर काय होतं ते अजून मला ठाऊक नाही. चला."

"लोक मला काय काय बोलतात, ते तुला ऐकावं लागेल."

"तुम्ही गप्प होता, तेव्हा घरात बसून माझ्याच मनाचं मी त्याहून वाईट ऐकलंय," आवडाबाई म्हणाली.

दोघं निघाली. ना हार होते, ना पायांवर पाणी. काही गावांत लोक त्यांना पाहून दारं लावून घेत. काही गावांत भाकरी मिळे. उन्हाळ्यात ती आमराईत राहत, हिवाळ्यात कुणाच्या तरी खळ्यावर शेकोटीजवळ. वाटेने जाणारा कुणी काही विचारी, तेव्हा आपण पाहिलेलं असेल तेवढंच सिदोजी सांगे. पाहिलेलं नसेल तर सरळ म्हणे, "ठाऊक नाही. बघून येतो." आणि खरोखरच बघून येई. हळूहळू वाटसरूंना कळलं, की हा माणूस 'आहे' म्हणाला तर आहे आणि 'नाही' म्हणाला तर नाही. राजाने पुन्हा कुणाला मार्गपाल नेमला नाही. दर हिवाळ्यात तो स्वतः काही वाटा पायी चालू लागला.

वर्षं उलटली. सिदोजीची दाढी पांढरी झाली. एकदा पावसाळा सरता सरता तो आणि आवडाबाई नदीकाठच्या वस्तीबाहेर एका झाडाखाली थांबली होती. वस्तीवरची माणसं घाटापलीकडच्या बाजाराला निघाली होती, गाड्यांवर लुगड्यांचे गठ्ठे होते, गठ्ठ्यांवर पोरं बसली होती. पुढच्या गाडीवर केरबा होता. ज्या दिवशी सिदोजीने अंगणात उभं राहून सगळं सांगितलं, त्या दिवसापासून केरबा त्याच्याशी बोलला नव्हता. सिदोजी सवयीने बाजूला झाला आणि त्याने मान खाली घातली.

गाडी पुढे गेली. मग थांबली. केरबा खाली उतरला आणि चालत मागे आला. तो सिदोजीकडे पाहत नव्हता, बैलांकडे पाहत होता.

"घाट कसा आहे?" त्याने विचारलं.

सिदोजीने मान वर केली. मग तो म्हणाला, "काल तिथूनच उतरलोय. दुसऱ्या वळणावर दरड आलीय. गाडी जाईल, पण पोरांना खाली उतरवून चालवत न्या. ओढ्याला पाणी गुडघ्याएवढं आहे."

केरबाने मान हलवली. आभार मानले नाहीत, हसला नाही. तो गाडीकडे परत गेला. दुसऱ्या वळणावर पोचल्यावर त्याने पोरांना खाली उतरवलं, आणि आपल्या धाकट्याचा हात धरून तो दरडीच्या बाजूने चालू लागला.

तात्पर्य: जी वाट आपण स्वतः चाललो नाही तिची ग्वाही देऊ नये, आणि खोटी ग्वाही दिलीच असेल तर लाजेने तोंड न लपवता ती चारचौघांत मागे घ्यावी.